बेडकाची पूर्वतयारी

कर्मचाऱ्यांना बदलासाठी तयार करायचे म्हणजे नक्की काय करायचे, या प्रश्नाला तत्त्वज्ञांनी हात घातल्याचे ऐकिवात नाही. त्यांच्या बदल्या होत नसाव्यात. आम्हां बँकवाल्यांना मात्र दर दोन-चार वर्षांनी कुणीतरी तयार करतेच. 1 एप्रिल 2020 रोजी दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या, त्यांत आमचीही विरघळली. त्याआधी आम्हांला एक दिवस शिबिरात बसवले.

टायवाल्या तरुण प्रशिक्षकाने बेडकाची गोष्ट सांगितली. गार पाण्यात बेडूक सोडून पाणी हळूहळू तापवले तर म्हणे त्याला कळतच नाही, आणि तो शिजतो. (खरा बेडूक वेळीच उडी मारतो, असे प्राणिशास्त्रवाले सांगतात, पण तो शिबिराला आलेला नसतो.) तात्पर्य, बदल ओळखा! एवढ्यात मागच्या बाकावरून आमचे दफ्तरी म्हणाले, "साहेब, पण पाणी तापवतंय कोण?"

चहाची सुट्टी दहा मिनिटे आधी झाली.

तो प्रश्न मला अजून सोडत नाही. बदल म्हणजे काही पाऊस नव्हे, की आभाळाकडे बघावे आणि छत्री उघडावी. तो कुणीतरी ठरवतो, त्यावर कुणाची तरी सही असते. मग 'मन मोठं करा' म्हणण्याआधी 'तुमचं काय जाणार, काय राहणार' हे सांगायला नको? सगळे ठरल्यावर तयारी करून घेणे म्हणजे लग्न लागल्यावर पत्रिका जुळवणे.

यंत्रांचे नशीब बरे. नोव्हेंबर 2016 मध्ये नोटाबंदीनंतर दोन हजारांची नोट आली, ती जुन्या हजाराच्या नोटेहून लहान. एटीएमच्या खणांत ती नीट बसेना. त्यासाठी रिझर्व्ह बँकेने खास कृतिदल नेमले, आणि देशभर माणसे एकेका यंत्रापाशी जाऊन खण जुळवत बसली. यंत्राला सकारात्मक दृष्टिकोनावर व्याख्यान कुणी दिले नाही.

विलीनीकरणानंतर एक पेन्शनर आजी नवे पासबुक उलटसुलट करीत काउंटरवर आल्या. "नाव बदललं, रंग बदलला. पैसे तेच आहेत ना रे?"

"तेच आहेत, आजी. खाते नंबरही तोच. फक्त चेकबुक नवं घ्यावं लागेल."

"मग हरकत नाही," म्हणाल्या, आणि पेन मागितले.