पावती आणि प्रसाद

पैसे मोजून घेतलेलं सुख प्रसाद होऊ शकतं का? हा प्रश्न मला अंदमानात, स्वराज द्वीपावरच्या एका समुद्रकाठच्या रिसॉर्टमध्ये पडला. सोलापूरला परतल्यावर भेटेल तो एकच विचारतो, “कसं झालं? पैसे वसूल झाले का?” मी सांगते, “काही चांगलं झालं, काही वाईट.” उत्तर खोटं नाही. पण ते देताना दरवेळी वाटतं, आपण जमाखर्च वाचून दाखवतोय आणि सांगायचं ते तसंच राहतंय.

आमचं घर लिंगायत. माझ्या माहेरी कन्नड बोलायचे. अव्वा, म्हणजे आई, इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय पाण्याचा घोटही घेत नसे. ताटात वाढलेलं अन्न आधी नुसता पदार्थ असतं, लिंगाला अर्पण झालं की ते प्रसाद होतं, हे मी तिच्याकडून शिकले. षट्स्थलात, म्हणजे साधनेच्या सहा पायऱ्यांत, भक्त आणि महेश यांच्यानंतर तिसरी पायरी प्रसादीची. पुढे प्राणलिंगी, शरण आणि ऐक्य. बाराव्या शतकातल्या शरणांनी, म्हणजे लिंगायत संतांनी, त्यातही चन्नबसवण्णांनी, हा विचार ताटापुरता ठेवला नाही. डोळ्यांना दिसणारं रूप, कानावर पडणारा शब्द, अंगाला लागणारा वारा, हे सगळे पदार्थच. तेही आधी अर्पण करायचे, मग भोगायचे. मी वर्षानुवर्षं हे ऐकत आले. घरात ते सोपं वाटायचं, कारण घरातल्या भाकरीची पावती नसते.

रिसॉर्टची पावती होती. मुलाने आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला ही सहल दिली. सोलापूरची गड्डा यात्रा उतरल्यावर आम्ही निघालो. रेल्वेने चेन्नई, तिथून विमान, मग बोट. समुद्रासमोरची खोली म्हणून आरक्षण केलेलं होतं. मिळाली ती मागची, खिडकीतून नारळाची झाडं आणि जनरेटरची शेड दिसायची. वाळूतली बारीक चिलटं अशी चावत की पायांवर पुरळ उठलं. आमच्या शाकाहारी जेवणाची व्यवस्था आधी सांगूनही पहिल्या रात्री डाळीच्या भांड्यातला डाव माशांच्या रश्श्यातून आलेला निघाला. मी त्या रात्री ताक-भातावर भागवलं.

आणि समुद्रच नव्हता. दुपारी तीनच्या सुमाराला आम्ही हौसेने किनाऱ्यावर गेलो, तर पाणी लांबवर मागे सरलेलं. पुढे काळे खडक, मेलेल्या प्रवाळाचे तुकडे, चिखल. जाहिरातीतलं निळं पाणी भरतीच्या वेळचं होतं. यजमान चिडले. म्हणाले, “एवढे पैसे मोजले आणि समुद्रसुद्धा जाग्यावर नाही.”

त्या दिवशी अमावास्या होती. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते, म्हणून भरती सर्वांत मोठी आणि ओहोटीही सर्वांत खोल. रात्री दहाच्या सुमाराला जेवून पाय मोकळे करायला गेलो तेव्हा तेच पाणी पार झाडांच्या मुळांपर्यंत आलं होतं, आणि प्रत्येक लाट फुटताना निळसर प्रकाश सांडत होता. समुद्रातले डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव पाणी हललं की चमकतात. यजमानांनी पाण्यात हात फिरवला तर बोटांमागून ठिणग्या निघाल्या. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. चांदण्यात हे जवळजवळ दिसत नाही; त्याला काळोख लागतो. ज्या अमावास्येने दुपारी आमचा समुद्र नेला, तिनेच रात्री हा काळोख दिला होता.

सहलीतली ही एक गोष्ट मी सगळ्यांत जास्त मनाशी घोळवली आहे. आम्ही ‘वाईट’च्या खात्यात टाकलेली दुपार आणि ‘चांगलं’च्या खात्यात टाकलेली रात्र एकाच चंद्राची होती. दोन खाती आम्ही उघडली. समुद्राने त्या दिवशी एकच काम केलं, तो आत गेला आणि बाहेर आला. गीतेत इंद्रियांना होणारे स्पर्श येतात आणि जातात, ते सोसावेत असं सांगितलं आहे. पण नुसतं सोसणं मला पुरेसं वाटत नाही. सोसणारा दुपार संपायची वाट बघत बसतो. प्रसादी ती दुपारही हातात घेतो, कारण अमावास्येची रात्र हवी आणि दुपार नको असं म्हणायची सोय नाही.

मी हे यजमानांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग जे विचारलं त्याचं उत्तर मला अजून पूर्ण सापडलेलं नाही. ते अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला होते. सगळं आयुष्य टेबलावर टेरी टॉवेल पसरून लूप सुटलाय का, किनार वाकडी आहे का, डाग आहे का हे बघण्यात गेलं. ते म्हणाले, “अगं, आलं ते प्रसाद म्हणून घ्यायचं तर मग मी माल नापास कशाला करत होतो? सेकंडचा माल पहिल्या दर्जाचा म्हणून पाठवला असता तर घेणाऱ्याने त्याला प्रसाद म्हणायचं होतं का?”

प्रश्न रास्त आहे. प्रसादाच्या नावाखाली आपल्याकडे किती खोट्या मालाला, किती अन्यायाला मान डोलावली गेली आहे! शरणांनी तर तसं कधीच केलं नाही. त्यांचं कायक म्हणजे प्रामाणिक श्रम. ज्या कामात फसवणूक आहे ते त्यांच्या लेखी कायक नव्हे आणि त्यातून आलेलं अन्न प्रसादही नव्हे. समुद्रासमोरची खोली सांगून मागची देणं ही फसवणूक. त्यावर बोलायलाच हवं. ओहोटी ही फसवणूक नाही, चिलटंही नाहीत. ती आमच्याआधीपासून तिथे राहतात. यजमानांचा राग मात्र खोली, चिलटं, डाव आणि समुद्र या सगळ्यांवर सारखाच होता. माझ्या मते घोळ तिथे आहे. पैसे मोजले की माणसाला वाटतं, आता सृष्टीही आपल्या करारात आली.

आमच्या सिद्धरामांची, म्हणजेच सिद्धेश्वरांची, गोष्ट इथे आठवल्याशिवाय राहत नाही. सोलापूरचं जुनं नाव सोन्नलगी. सिद्धरामांनी इथे लोकांना घेऊन तळं खणलं, देऊळ उभारलं, गावाभोवती अडुसष्ट लिंगं स्थापन केली. परंपरा सांगते की शरण अल्लमप्रभू इथे आले तेव्हा खोदकाम जोरात चाललं होतं. अल्लमांनी सिद्धरामांना दगडमाती उपसणारा म्हणून हिणवलं. कामावरची माणसं भडकून त्यांच्या अंगावर धावून गेली. पुढे दोघांमध्ये जो संवाद झाला तो ‘शून्यसंपादने’ या कन्नड ग्रंथात आहे. त्याचं सार मला असं कळतं: अल्लमांचं भांडण तळ्याशी नव्हतं. ‘हे मी केलं’ या भावनेशी होतं. त्यानंतर सिद्धराम कर्नाटकातल्या कल्याणला गेले, चन्नबसवण्णांकडून त्यांनी इष्टलिंगदीक्षा घेतली. पण तळं बुजवलं नाही कुणी. आठशे वर्षांनंतरही देवळाभोवती पाणी आहे आणि पुलावरून आत जाताना आपण बेटावरच पाऊल ठेवतो.

सिद्धरामांना कर्तेपणा सोडायला सांगितला गेला. आपण तळी खणत नाही, आपला अडथळा वेगळा आहे. आपल्याला भोक्तेपणा सुटत नाही. ‘मी केलं’ या जागी ‘मी पैसे दिले’ आलं. सिद्धराम निदान गावाला पाणी देत होते. पैसे देणारा माणूस कुणालाही काही न देता तोच अहंकार बाळगू शकतो. म्हणून मला हा अहंकार जास्त वाईट वाटतो.

रिसॉर्टच्या न्हाणीघरात घडी करून ठेवलेला टॉवेल यजमानांनी सवयीने उलटा केला, अंगठा फिरवला, किनार बघितली आणि म्हणाले, “आपल्याकडचाच आहे.” छाप नव्हता, लेबल नव्हतं, पण तीस वर्षं ज्याने हाच माल बघितला त्याच्या अंगठ्यावर मी विश्वास ठेवते. सोलापूरचे टॉवेल देशभरच्या हॉटेलांत जातात. यंत्रमागाच्या आवाजात कान गमावलेले कामगार आमच्या गल्लीत आहेत, त्यांच्यातला कुणी त्या बेटावर जाईल असं वाटत नाही. तो टॉवेल अंगाला लावताना मला जाणवलं की आम्ही दिलेल्या पैशांत त्या हातांचं देणं फिटलेलं नाही. पैशाने व्यवहार पुरा होतो, ऋण तसंच राहतं. आणि जिथे ऋण उरतं तिथे प्रसादाला जागा असते. माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला एवढं मिळालं आहे: विकत घेतलेलं सुख प्रसाद होऊ शकतं, पण ते कुणाकुणाच्या हातून आलं हे दिसलं तरच.

ते बेट तरी कुणाच्या हातून आलं? फाळणीनंतर पूर्व बंगालमधून उखडलेली कुटुंबं 1950च्या दशकात तिथे आणून वसवली. त्यांनी रान तोडून भात लावला आणि गावांना नावं दिली गोविंदनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर. शेजारच्या शहीद द्वीपावर सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर आहेत. आज जग राधानगरचा सूर्यास्त बघायला येतं. ‘टाइम’ मासिकाने 2004 साली त्या किनाऱ्याला आशियातला सर्वोत्तम ठरवलं होतं. आम्हीही बघितला, आणि तो खरोखरच अपूर्व आहे. पण घरदार गमावलेल्या माणसांनी अनोळखी वाळूला राधेचं नाव दिलं, याने मी जास्त हलले. जे वाट्याला आलं ते त्यांनी आधी देवाच्या नावाने केलं आणि मग त्यावर घर बांधलं. याहून मोठं अर्पण मला माहीत नाही. त्याच समुद्रापलीकडे पोर्ट ब्लेअरला, ज्याला आता श्री विजयपुरम म्हणतात, सेल्युलर जेल आहे. सातांपैकी तीन इमारती उरल्या आहेत. सावरकर 1911 ते 1921 तिथे कैदेत होते. स्वातंत्र्यलढ्यात आमच्या गावच्या मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी झाली. त्या जेलच्या अंगणात मला त्यांची आठवण आली. शिक्षा म्हणून दिलेला समुद्र आता बक्षीस म्हणून मिळतो, आणि तो ज्यांच्या वेदनेतून आपल्याकडे आला त्यांची नावं पावतीवर नसतात.

आमची खोली झाडायला येणारी बाई त्या वसवलेल्या कुटुंबांतल्याच एका घरातली. मोडक्या हिंदीत आम्ही बोलायचो. मी तिला सोलापूरची शेंगाचटणी दिली, तिने तिच्या झाडाचं शहाळं आणलं. तिच्याकडून कळलं की उन्हाळा लागला की गावात नळाला पाळी लागते. अंदमानात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आमच्याकडच्या पाचपट तरी. पण छोट्या बेटाचे ओढे ते पाणी लगेच समुद्रात सोडून देतात, धरून ठेवायला जागा कमी. रिसॉर्टचा तरणतलाव मात्र त्या दिवसांतही टँकरच्या गोड्या पाण्याने भरलेला असतो, शंभर पावलांवर समुद्र असताना. उजनी धरण भरलेलं असूनही ज्यांनी नळाच्या पाण्यासाठी चार-पाच दिवस वाट बघितली आहे त्या सोलापूरकरांना हे समजावून सांगावं लागत नाही. त्या दिवसापासून आम्ही तलावात उतरलो नाही.

परत आल्यावर यजमान तक्रारीचं पत्र लिहायला बसले. चिलटं आणि ओहोटी त्यांनी आपणहून वगळली. खोलीचं लिहिलं, डावाचं लिहिलं. मी म्हटलं, “अहो, पाण्याचंही लिहा.” ते म्हणाले, “त्यात आपलं काय नुकसान झालं?” मी म्हटलं, “आपलं नाही झालं, म्हणूनच लिहायचं.” ते थोडं थांबले आणि त्यांनी लिहिलं, त्या बाईचं नाव कुठेही येणार नाही याची काळजी घेऊन.

उत्तर आलं. खोलीच्या भाड्यातला फरक परत मिळाला, डावाबद्दल माफी मागितली. पाण्याबद्दल एक अक्षर नव्हतं. परत आलेले पैसे आम्ही सिद्धेश्वराच्या अन्नछत्राला दिले आणि पाण्याचं पत्र पुन्हा पाठवलं आहे.