कोरा रकाना

रोगांची मोजदाद हें शास्त्राचें काम; नीतीचा तेथें संबंध काय, असें कोणी विचारील. आम्हांस तसें वाटत नाहीं. रक्तांत जंतु शिरल्याचा संशय आला म्हणजे रोग्याचें थोडें रक्त पोषक द्रवांत घालून उबेंत ठेवितात. वाढलेल्या जंतूंवर कोणतें औषध चालतें, कोणतें नाहीं, हें त्यावरून ठरतें. या नोंदींसाठीं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनें २०१३ सालीं देशभर जाळें उभारिलें. परंतु त्याचा मुख्य आधार मोठीं रुग्णालयें. सातपुड्यावरून तापानें फणफणत तळोद्यास उतरलेल्या मनुष्याचें काय? त्यानें आधींच दुकानांतून चार गोळ्या घेतल्या असतील, तर मागाहून रक्त तपासूनही जंतु वाढतीलच असें नाहीं. त्या कोऱ्या रकान्यास आम्ही आरोग्य म्हणावें काय?

अपुऱ्या मात्रेनें जंतु निर्ढावतात, हा इशारा अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीं १९४५ च्या नोबेल व्याख्यानांतच दिला होता. डोंगरांतला मनुष्य गरिबीमुळें औषध अर्धवट घेतो. आम्ही सुशिक्षित मात्र साध्या पडशालाही, जेथें तें निरुपयोगी तेथें, हट्टानें मागतों. औषधाची धार बोथट करण्यांत आमचा वांटा मोठा, आणि त्याचें फळ ज्याला भोगावें लागतें त्याची नोंदही नाहीं. मोजणी त्याच्यापर्यंत पोंचविणें हा उपकार नव्हे. तें आमच्याकडील देणें आहे.