आप्तवाक्य आणि परक्याची आज्ञावली

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात देशातील पहिला आधार क्रमांक दिला गेला, आणि पुढे रेशन दुकानातही माणसाची ओळख दूरच्या यंत्रणेच्या होकारावर ठरू लागली. प्लगइन, म्हणजे मूळ आज्ञावलीला जोडलेला इतरांनी लिहिलेला भाग, वापरावा की नाही, हा प्रश्नही दुसऱ्याच्या शब्दावर विसंबण्याच्या याच जातीचा आहे. भारतीय तत्त्वज्ञानातील न्यायदर्शन दुसऱ्याच्या शब्दाला प्रमाण मानते, मात्र तो आप्ताचा, म्हणजे वस्तू प्रत्यक्ष जाणून ती जशी आहे तशीच सांगू इच्छिणाऱ्याचा, असावा लागतो. चार्वाकांप्रमाणे केवळ प्रत्यक्षावर विसंबून प्रत्येक ओळ स्वतः लिहू पाहणाऱ्याचे काम कधीच पुरे होणार नाही; उलट मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ हा अवघ्या ११ ओळींचा भाग कर्त्याने मागे घेताच जगभरातील अनेक प्रकल्पांची बांधणी अडली.

मीमांसादर्शन मानणाऱ्या मीमांसकांच्या मते ज्ञान स्वतःप्रमाण, म्हणजे बाध येईपर्यंत ग्राह्य असते. न्यायदर्शन मानणाऱ्या नैयायिकांच्या मते ते परतःप्रमाण असते, म्हणजे त्याचे खरेपण बाहेरून पारखावे लागते. परक्याच्या आज्ञावलीतील चुकीची किंमत स्वतःलाच मोजायची असेल तेथे मीमांसकांचा विश्वास पुरतो. परंतु अंगठ्याचा ठसा न जुळल्याने धान्याविना परतणाऱ्याला ती मोजावी लागत असेल, तेथे नैयायिकांची पारख आणि पर्यायी वाट राखणे हे कौशल्य नसून धर्म ठरतो.