मुक्या राखणदाराचे ऋण

जनावराची शुश्रूषा त्याच्या किमतीप्रमाणे करावी काय? सन 2022 मध्ये लम्पी चर्मरोगाची साथ आली, तेव्हा सरकारने मेलेल्या गाईबद्दल 30,000, बैलाबद्दल 25,000 व वासराबद्दल 16,000 रुपये साहाय्य ठरविले. ते योग्यच झाले. परंतु आमच्या हिंगोलीकडे रात्रभर शेत राखणाऱ्या कुत्र्यास असा काही दर नाही. बैल आजारी पडताच आम्ही पशुवैद्याकडे धावतो. कुत्रा खरजेने झडला तर त्यास दगड मारून हाकलितो. मग आम्ही काळजी कोणाची वाहतो, प्राण्याची की पैशाची?

ज्याच्या जागण्यावर आम्ही निर्धास्त निजलो, त्याचे आम्ही ऋणी आहों. तो म्हातारा होऊन भुंकेनासा झाला, म्हणजे ते ऋण सरत नाही. त्यास पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे, दरवर्षी रेबीजची लस टोचवावी. यांत आपल्या लेकरांचेही रक्षण आहे. कुत्रा चावलाच तर जखम साबण व वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवावी आणि विलंब न करिता सरकारी रुग्णालयात जाऊन लस घ्यावी.

ज्याच्यापासून आता काही मिळावयाचे नाही, त्याची निगा आम्ही राखितो, तेव्हाच आमची दया कसास उतरते.