समाधी कोठे आहे?

नंदुरबारच्या माणिक चौकातून जाणारा मनुष्य शिरीषकुमाराच्या स्मारकापाशी क्षणभर तरी थबकतो. १९४२ साली हा विद्यार्थी व त्याचे सोबती गोळीबारास बळी पडले. त्याच वाटेने महाविद्यालयात येणाऱ्या एका विद्यार्थ्याने मला एकदा विचारले, "सर, होमी भाभांची समाधी कोठे आहे?"

समाधी नाही. २४ जानेवारी १९६६ रोजी 'कांचनजंगा' नावाचे विमान आल्प्समधील माँ ब्लाँ पर्वतावर आदळले. त्यातील ११७ जणांपैकी कोणीही वाचले नाही. तेथील हिमनदी त्या विमानातील वस्तू अधूनमधून खाली आणून टाकते. २०२० साली तिने त्या काळची भारतीय वृत्तपत्रे परत केली. मलबार हिलवरील भाभांचे घर स्मारक म्हणून राखावे, अशी मागणी झाली होती. परंतु २०१४ साली ते ३७२ कोटी रुपयांना लिलावात गेले व पुढे पाडण्यात आले.

मी विद्यार्थ्यास म्हणालो, "त्यांचे कार्य हेच त्यांचे स्मारक." तो नम्रपणे म्हणाला, "ते कार्य कोणते, सर?" अणुशक्ती, तुर्भे, एवढे उच्चारून मी थांबलो. आयुष्यभर इंग्रजी वाङ्मय शिकविलेल्या माझ्यापाशी याहून अधिक काही नव्हते.

'कार्य हेच स्मारक' हे वाक्य उदात्त खरे. पण ते उच्चारण्याचा अधिकार कोणास? ज्याला ते कार्य ठाऊक नाही, त्याच्या तोंडी ती केवळ सबब होय. घर राखावयाचे नाही आणि ग्रंथही उघडावयाचा नाही, अशी दुहेरी सूट आपण त्या वाक्याने मिळवितो.

उलटपक्षी, समाधी असली म्हणजे स्मृती टिकतेच असेही नाही. आर्किमिडीजचे थडगे सिराक्यूज नगरात होते. तरी सुमारे १३७ वर्षांनी सिसेरो तेथे गेला, तेव्हा नगरवासी असे थडगे नाहीच म्हणून सांगत होते. काटेरी झुडपांतून वर आलेली गोल व वृत्तचिती यांची आकृती पाहून सिसेरोने ते ओळखले. त्या दोहोंचे प्रमाण आर्किमिडीजने सिद्ध केले होते, हे त्याला ठाऊक होते. नगरवासीयांपाशी जागा होती, ज्ञान नव्हते. म्हणून जागाही हरपली.

त्या सुट्टीत मी पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यापाशी जाऊन बसलो. इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून कसे विखुरतात, याचे भाभांनी विशीत असताना केलेले गणित त्यांनी मला समजावले. निम्मेच समजले. तेवढे त्या विद्यार्थ्यास सांगितले, आणि मग पहिले वाक्य पुन्हा उच्चारण्यास थोडा धीर आला.