निरोप कोणासाठी?



घरात पाळलेले जनावर शेवटच्या दुखण्याला लागले की माळकरी माणसापुढे एक प्रश्न उभा राहतो. तो चारचौघांत फारसा विचारला जात नाही. गाय किंवा बैल असेल तर शेजारीपाजारी समजून घेतात, दारी येऊन बसतात. कुत्रे, मांजर आणि त्याहूनही लहान ससा असेल तर माणूस आपले दुःख बोलूनही दाखवत नाही. ‘सशासाठी कोणी रडते का?’ असे लोक म्हणतील, ही भीती असते. त्यात डॉक्टरांनी सांगितले, की आता इंजेक्शन देऊन यातना संपवणे एवढेच हातात आहे, तर गळ्यातल्या माळेचे ओझे जाणवू लागते. हा जीव आपण घ्यायचा का? आणि घेतला नाही, तर त्याचे हाल आपण बघत बसायचे का?

मागच्या आषाढी वारीच्या तोंडावर मावळातल्या एका घरून हा प्रश्न माझ्याकडे आला. इंद्रायणी भाताचे शेत असलेले साधे घर. आजी पुष्कळ वर्षांच्या वारकरी, आमच्याच दिंडीतल्या. नातीसाठी लोणावळ्याहून आणलेला पांढरा ससा आठ वर्षांचा झाला होता. त्याच्या दाताच्या मुळाशी पू झाला आणि तो जबड्याच्या हाडात उतरला. सशाचा पू घट्ट असतो, सहज वाहून जात नाही. आणि या वयात शस्त्रक्रिया त्याला सोसणार नाही, असे डॉक्टरांचे मत पडले. तुकोबांच्या पालखीचे प्रस्थान चार दिवसांवर आले होते. आजींनी विचारले, “बुवा, मी वारीला निघू का सशापाशी बसू? आणि डॉक्टर म्हणतात तसं केलं, तर मला पाप लागंल का?”

दोन्ही प्रश्न एकाच मुळाचे आहेत, म्हणून ते एकत्रच पाहू.

आधी त्या मुक्या जीवाची बाजू ऐकली पाहिजे, कारण या सगळ्या चर्चेत तोच बोलू शकत नाही. ससा सहसा दुखण्याने ओरडत नाही. रानात जो दुबळा दिसतो तोच आधी उचलला जातो, म्हणून दुखणे लपवणे हा त्याच्या जातीचा स्वभाव आहे. पाठ वाकवून कोपऱ्यात बसणे, दात करकर वाजवणे, आवडता पाला समोर असून तोंड फिरवणे, लेंड्या बारीक होणे किंवा थांबणे, हीच त्याची बोली. त्याला उलटी करता येत नाही. त्याचे आतडे सतत चालू राहावे लागते. एक दिवस खाणे बंद झाले तरी जिवावर बेतते. ज्याने ससा पाळला त्याने ही बोली शिकली पाहिजे. भूतदया हा शब्द आपण रोज उच्चारतो. पण समोरच्या भूताला काय होते आहे हेच कळले नाही, तर दया करणार कशावर?

आता संप्रदायाकडे वळू. अशा वेळी घरातले कोणीतरी जडभरताची कथा हमखास काढते. श्रीमद्भागवताच्या पाचव्या स्कंधात ती आहे. राज्य सोडून तपाला बसलेल्या भरत राजाने नदीत वाहून जाणारे हरणाचे पाडस वाचवले. पुढे त्याचा लळा लागला, जपध्यान सुटले, अंतकाळी मनात पाडसच राहिले आणि त्याला हरणाचा जन्म घ्यावा लागला. ‘बघा, जनावरात जीव गुंतवला की असे होते,’ असा अर्थ सांगून लोक मोकळे होतात.

कथा नीट वाचली तर तिने पाडसाला पाण्याबाहेर काढण्याला दोष दिलेला नाही. बुडता जीव समोर असताना डोळे मिटून जप करत राहणे, हे काही तप नव्हे. दोष पुढे शिरला. पाडस जरा दृष्टीआड झाले की राजा कासावीस होई. त्या कासावीस होण्यात पाडसाचे भले किती आणि राजाची स्वतःची गरज किती? पाडस आधी दयेचे होते, मग ते ‘माझे’ झाले. दया आणि मोह दिसायला सारखेच असतात. दोघेही कुरवाळतात, दोघेही रडतात. दयेचे तोंड त्या जीवाकडे असते आणि मोहाचे आपल्याकडे, एवढाच फरक. आणि तो फरक निरोपाच्या वेळी उघडा पडतो.

म्हणून या प्रश्नात पहिली कसोटी मला एकच दिसते : हे आपण कोणासाठी करतो आहोत?

ही कसोटी लावायला जवळच्या इतिहासातले एक उदाहरण आहे. १९२८ साली साबरमतीच्या आश्रमात एक वासरू असह्य वेदनांत पडले होते. त्याला कूसही बदलता येत नव्हती. तपासणाऱ्या डॉक्टरांनी आशा सोडली होती. अहिंसेचे व्रत घेतलेल्या आश्रमात काय करायचे, यावर गांधीजींनी आश्रमवासीयांशी चर्चा केली. जो जीव आपण निर्माण करू शकत नाही तो घेण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे एकाने सांगितले. आपला स्वार्थ असता तर हे म्हणणे लागू पडले असते, इथे ते लागू नाही, असे गांधीजींना वाटले. त्यांनी डॉक्टरांना बोलावून इंजेक्शन देवविले आणि त्या वेळी ते स्वतः तिथे हजर राहिले. सप्टेंबरअखेर ‘नवजीवन’मध्ये त्यांनी हे सारे उघडपणे लिहिले, तेव्हा देशभरातून रागाची पत्रे आली. चिडलेल्यांत अहिंसा मानणारेच पुष्कळ होते.

गांधीजींचा निर्णय सर्वांना पटलाच पाहिजे असे नाही. त्यांनी प्रश्न कुठे नेऊन ठेवला, हे पाहण्यासारखे आहे. हात काय करतो यापेक्षा तो कोणासाठी उठतो, हे त्यांनी विचारले. दवाखान्याचा खर्च वाढला, घरात वास येतो, सुटीत गावाला जायचे आहे, बघवत नाही, या कारणांनी ‘सोडवू या’ म्हटले तर ती सोडवणूक आपली. ‘बघवत नाही’ हे कारणही त्यातच आले. त्या जीवाला सोसवत नाही आणि उपाय उरला नाही, हे जाणकाराने तपासून सांगितले, तरच बोलणे त्या जीवाचे झाले. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा आपला १९६० चा कायदासुद्धा हे ओळखतो. ज्या जनावराला जिवंत ठेवणे हीच क्रूरता ठरेल, त्याची यातना संपवण्याची तरतूद त्यात आहे.

पण सावध राहायला हवे. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसा समजावताना माउली आधी तिच्या नावाखाली चालणारी हिंसा दाखवतात. औषधासाठी झाडे मुळासकट उपटायची, साली सोलायच्या, एका जीवासाठी दुसऱ्याला दुखवायचे आणि त्याला चांगले नाव द्यायचे, यावर त्यांनी नेमके बोट ठेवले आहे. तेव्हा इंजेक्शनला ‘मुक्ती’ म्हटल्याने ते आपोआप पुण्य होत नाही. मुक्ती देणारे आपण कोण? आपण फार तर वेदना थांबवतो. ज्ञानोबारायांनी स्वतःच्या समाधीचा काळ स्वतः ठरवला. सशाला तसे सांगता येत नाही. त्याच्या वतीने ठरवणाऱ्याचा हात थोडा कापलाच पाहिजे. तो कापत नसेल, तर थांबून पुन्हा विचार करावा.

आणि ज्याच्या मनाला हे मुळीच पटत नाही, त्याचे काय? त्याच्यावर जबरदस्ती नको. ‘माझ्या माळेला हे मानवत नाही’ असे म्हणण्याचा त्याला अधिकार आहे. पण मग दुसरी जबाबदारी पूर्ण घेतली पाहिजे. वेदनाशामक औषध वेळेवर द्यावे, अंग कोरडे आणि उबदार ठेवावे, रात्री उठून पाहावे. मावळातल्या पावसाळी ओलीत तर हे फारच जपावे लागते. औषधही न देता ‘भोग भोगूनच संपवायचे असतात’ असे म्हणून दार लोटून घेणे, ही अहिंसा नव्हे. ‘डोंगरात सोडून द्या, निसर्ग बघून घेईल’ असेही कोणी सुचवते. पाळीव पांढरा ससा आपल्या रानातला नाही. सह्याद्रीतला रानससा निराळा. तो गवतात अंग लपवून राहतो आणि रंगानेही मातीत मिसळतो. पिंजऱ्यात वाढलेला आजारी जीव डोंगरात सोडणे म्हणजे त्याला कुत्र्या-कोल्ह्यांच्या तोंडी देणे. त्यात आपले डोळे तेवढे वाचतात.

आता आजींचा दुसरा प्रश्न, वारीचा. उत्तर पंढरपुरात विटेवर उभे आहे. देव दारी आला तेव्हा पुंडलिक आईवडिलांची सेवा करत होता. तो उठला नाही. त्याने वीट सरकवली आणि देव तिच्यावर थांबला. सेवा अर्धी टाकून भेटायला आला नाही म्हणून विठ्ठल रागावला नाही. आपला सारा संप्रदाय त्या थांबण्यावर उभा आहे. कोणी म्हणेल, आईवडील कुठे आणि ससा कुठे! खरे आहे, बरोबरी नाहीच. पण ज्याला आपण पिंजऱ्यात ठेवले आणि आपल्या हातून खायची सवय लावली, त्याला आपल्यावाचून दुसरा कोणीही नाही. तेवढ्यापुरते त्याचे पंढरपूर आपल्याच घरात आहे.

पुणे जिल्ह्यातच, जुन्नर तालुक्यातल्या आळे गावी एका रेड्याची समाधी आहे. पैठणला ज्याच्या मुखातून माउलींनी वेद वदवले, तो हा रेडा. आळंदीकडे परतताना त्याने इथे देह ठेवला आणि भावंडांनी त्याला समाधी दिली, असे परंपरा सांगते. वेद बोलला म्हणून आपण त्याला आठवतो. मला त्या कथेत दुसरीच गोष्ट मोठी वाटते. आळंदी काही फार लांब राहिली नव्हती. तरी ती चार मुले वाटेत थांबली आणि एका जनावराला नीट निरोप देऊनच पुढे गेली.

आजी थांबल्या. पाच दिवस औषधावर ससा थोडेथोडे खात होता. सहाव्या दिवशी त्याने तोंड फिरवले, दात वाजू लागले. डॉक्टरांनी पुन्हा तपासून सांगितले, की आता वाढते ते फक्त दुखणे. आजींनी नातीला विचारले, “त्याला राहायचंय का आपल्याला त्याला ठेवायचंय?” पोर बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, “आपल्याला.” डॉक्टरांनी आधी गुंगीचे औषध दिले आणि नंतर दुसरे. ससा आजींच्या ओच्यात होता. नातीचा हात त्याच्या कानांवर होता. आजी नाम घेत होत्या. पालखी तेव्हा पुण्यात मुक्कामाला होती. दोन दिवसांनी आजी लोणी काळभोरला दिंडीत आल्या. एका बाईने टोमणा मारला, तर त्या एवढेच म्हणाल्या, “माउली, त्याची वारी आधी होती.”

ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांच्यासाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. शेवटी तुळशीचे पाणी द्यावेसे वाटते, तर बोट भिजवून ओठाला लावावे. गिळण्याची ताकद गेलेल्याच्या तोंडात पाणी ओतले तर ते फुप्फुसात जाते. आणि देह इंद्रायणीत सोडू नये. ती लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या बाजूला उगम पावते आणि देहू-आळंदीला जाते. वर आपण जे टाकतो, ते खाली वारकऱ्याच्या ओंजळीत येते. शिवाय इंजेक्शनचे औषध देहात राहते, उकरून खाणाऱ्या कुत्र्या-घारीला ते बाधते. म्हणून आपल्या जागेत खोल खड्डा घेऊन पुरावे. एका जीवाला दिलेला निरोप दुसऱ्या जीवाला विष होऊ नये.

आणि रडू आले तर रडावे. ज्ञानोबांच्या समाधीप्रसंगी निवृत्तीनाथांना आणि संतमंडळींना अश्रू आवरले नाहीत, हे नामदेवरायांच्या समाधीच्या अभंगांतून आपण दरवर्षी कार्तिकात ऐकतो. ज्ञान झालेल्यांना रडू येते, तर आपण ते कशाला लपवायचे? अश्रूंना मोह म्हणून हिणवू नये. ज्याने त्या जीवाच्या सुखासाठी आपले ‘माझे’ सोडून दिले, त्याच्या डोळ्यांत पाणी आले तरी मोह तिथे उरलेला नसतो.