बागेतला काला





आमच्या मंडळीने गेल्या चातुर्मासात तालुक्याजवळच्या एका वृद्धाश्रमाची मोडकळीस आलेली बाग मिळून दुरुस्त केली. ही वार्ता कानी गेल्यावर एका गृहस्थांनी आम्हांस पत्र घातले. पत्रात आदर आहे, तशी थोडी टोचणीही आहे. त्यांचे म्हणणे असे की, एकादशीस हरिपाठ नि कीर्तन, द्वादशीस पारणे, हा वारकऱ्याचा नेम. त्यात ही कुदळ-फावड्याची भर कशाला? समाजकार्य करणारी मंडळी पुष्कळ आहेत, ती करतील. वीणा धरणाऱ्या हाताने वीणाच धरावी.

शंका प्रामाणिक आहे, तेव्हा उत्तर देणे आमचे कर्तव्य. प्रथम इतकेच विचारतो की, वीणा धरणारा हात आठवला, मग खुरपे धरणारा हात कसा हो विसरला? अरणचे सावतोबा शके १२१७ मध्ये समाधिस्थ झाले. सातशेंहून अधिक वर्षे लोटली. मळा सोडून ते पंढरीस गेले नाहीत, अशी परंपरा सांगते. आणि आज काय होते? पंढरीहून देवाचीच पालखी अरणास जाते. माळ्याने देवाकडे जावे हा लौकिक क्रम; इथे देव माळ्याच्या बांधावर येतो. संप्रदायाने हे सातशे वर्षे मान्य केले आहे. मग बागेतल्या कामास भजनाच्या पंक्तीत बसवायचे की नाही, याची शंका आता काढणे म्हणजे फार उशीर झाला!

शास्त्राचेही ऐका. धर्मशास्त्रात इष्ट आणि पूर्त अशी दोन कर्मे सांगितली आहेत. यज्ञयागादी ते इष्ट. विहिरी, तळी, देवालये, अन्नदान आणि आराम, हे पूर्त. यातला 'आराम' म्हणजे बाग. मराठीत आपण विश्रांतीला आराम म्हणतो, तो शब्द फारसीतून आला असे कोशकार सांगतात. संस्कृतातला आराम 'रम्' धातूपासून झाला. जिथे जीव रमतो तो आराम. वृद्धाश्रमात, अनाथालयात, रोग्यांच्या वसतिगृहात अन्न मिळते, वस्त्र मिळते, औषध मिळते. जीव रमतो का, हे कोणी पाहावयाचे? ऋषींनी अन्नदानाच्या शेजारी बाग बसवली, ती काय केवळ शोभेसाठी?

तेव्हा बाग करावी की नाही, हा प्रश्न मिटला. कशी करावी, हा खरा प्रश्न आहे, आणि तिथेच बहुतेकांचे पाय घसरतात.

आम्ही ज्या आश्रमात गेलो तिथे आमच्या आधी एक मंडळ येऊन गेले होते. आषाढात आले, पन्नास रोपे लावली, फलक धरून छायाचित्रे काढली, आश्रमातल्या म्हाताऱ्या माणसांस खुर्च्यांवर ओळीने बसवून पेढे वाटले आणि गेले. चैत्रात पाहावे तो पन्नासांतली तीन रोपे जिवंत! पाणी घालायचे कोणी, हे कोणास विचारलेच नव्हते. म्हातारी माणसे खुर्च्यांवर बसून पाहत होती ना? पाहणाऱ्याची बाग होत नसते.

यावर वरोऱ्याची हकीकत सांगितली पाहिजे. पुष्कळांस ती ठाऊक असेल. पण तिच्यात भाजीची एक गोष्ट आहे, ती सहसा कोणी सांगत नाही.

मुरलीधर देवीदास आमटे, म्हणजे आपले बाबा आमटे, हे वकील गृहस्थ. वरोऱ्यास असताना मैल्याच्या पाट्या डोक्यावरून वाहण्याचे कामही त्यांनी केले होते. भिणारा माणूस नव्हे. तरी एका पावसाळी दिवशी तुळशीराम नावाचा महारोगी रस्त्याकडेला पडलेला दिसला आणि बाबा भिऊन पळाले. त्या पळण्याची लाज वाटून परत फिरले आणि तिथून पुढचे आयुष्य बदलले. १९५१ साली वरोऱ्याजवळच्या खडकाळ, झुडपी जमिनीवर साधनाताई, दोन लहान मुले, सहा रोगी आणि एक लंगडी गाय एवढ्या परिवारानिशी आनंदवन सुरू झाले. उद्घाटनास विनोबा आले होते. विहीर यांनीच खणली, जमीन यांनीच फोडली. बोटे झडलेल्या हातांनी भाजी पिकवली. आणि भाजी बाजारात नेली, तर ती कोणी घेईना!

पाहा, दान द्यायला लोक तयार होते. रोग्यांस जुने कपडे द्यावेत, धान्य द्यावे, यात कोणाची ना नव्हती. पण रोग्याच्या हातची वांगी-मुळे घरात आणायची म्हटली की पिशवी मागे सरकत असे.

पुढे १९५४ च्या सुमारास परदेशांतली तरुण मंडळी आनंदवनात येऊन राहिली. सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही त्यांची संघटना, स्वित्झर्लंडच्या पिएर सेरेसोल यांनी पहिल्या महायुद्धानंतर १९२० साली उभी केलेली. युद्धाने उद्ध्वस्त झालेले फ्रान्समधले एक खेडे बांधायला शत्रुराष्ट्रांतली माणसे एकत्र नेण्यापासून तिचा आरंभ झाला. बिहारच्या १९३४ च्या भूकंपानंतर सेरेसोल स्वतः तिकडे कामास आले होते. या मुलांनी आनंदवनात रोग्यांच्या खांद्याला खांदा लावून रुग्णालयाच्या इमारती बांधल्या. पण आमच्या मते त्यांचे मोठे काम विटांचे नव्हे. ती मुले रोग्यांनी पिकवलेली भाजी रोज खात होती. वरोऱ्याच्या लोकांनी ते पाहिले. सातासमुद्रांपलीकडची पोरे खातात आणि त्यांस काही होत नाही, मग आपणच का भ्यावे? हळूहळू आनंदवनाची भाजी बाजारात खपू लागली. त्याच आनंदवनाने १९६४ साली महाविद्यालय काढले आणि ज्या गावाने भाजी नाकारली त्याच गावाची मुले तिथे शिकू लागली.

महारोगाचे भय आज उरण्याचे कारण नाही. अनेक औषधे एकत्र देण्याची रीत जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये सांगितली, तेव्हापासून तो रोग पूर्ण बरा होतो. तरी बऱ्या झालेल्या माणसाच्या हातचे पाणी घेताना आजही काहींची मान वळते, हे आम्ही पाहतो.

आता कीर्तनकार म्हणून आमच्या अधिकारातली गोष्ट सांगतो. सप्ताहाची सांगता कशाने होते? काल्याने. सात दिवस कितीही रसाळ कीर्तने झाली, तरी काला झाल्याखेरीज सप्ताह पुरा होत नाही. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या आणल्या. कोणाची ताजी, कोणाची शिळी, कोणाची नुसती भाकरी नि मिरची. भगवंताने त्या सगळ्या एकत्र कालवल्या. वैकुंठातून पक्वान्ने आणून गोपाळांस वाढणे त्यास अशक्य होते काय? वाढून तो निघून गेला असता, तर ते अन्नदान झाले असते. त्याने त्यांच्या शिदोरीत हात घातला, म्हणून काला झाला.

हा दृष्टांत हाती धरून आता आमच्या वृद्धाश्रमात चला. आम्ही आधी विचारले, बागेत काय लावावे? आमच्या मंडळींच्या मनात गुलाब होते. तिथे एक आजी आहेत, सारा जन्म शेतात गेलेला. त्या म्हणाल्या, "बुवा, गुलाब बघून डोळं निवतील, पर या हातांनी काय करायचं? मला एक वाफा द्या. मेथी टाकते." तेव्हा गुलाब दोनच लावले, नि वाफे अकरा केले. पाच वाफे दगडी कठडा बांधून कमरेइतके उंच घेतले, म्हणजे ज्यांस वाकवत नाही त्यांस उभ्याने निंदता येते. वाट चाकाची खुर्ची वळेल एवढी रुंद ठेवली. एक आजोबा दृष्टिहीन आहेत, त्यांच्या बाकाजवळ मोगरा आणि तुळस. कुंपणाला कण्हेर लावण्याचे ठरत होते, ते रद्द केले. कण्हेर विषारी, आणि तिथे काही माणसांचे भान हरपलेले असते. रोपांशेजारी साधी मातीची मडकी गळ्यापर्यंत पुरली आहेत. ती भरून ठेवली की पाणी आपोआप झिरपते, म्हाताऱ्या माणसास रोज बादल्या वाहाव्या लागत नाहीत.

पुढे महिन्याभराने, द्वादशीच्या दिवशी, त्याच आजींनी पहिली मेथी खुडली, जुड्या बांधल्या नि आमच्या मंडळींपुढे धरल्या. आणि काय व्हावे? एकेक जण हात जोडून मागे सरला. "राहू द्या आजी, तुम्हांलाच होईल." "आश्रमाचं आम्ही कसं घ्यावं?" बोलणे किती गोड! पण आजींचा चेहरा पडला. वरोऱ्याची माणसे भयाने मागे सरली होती, ही दयेने सरली. जुडी दोन्ही ठिकाणी हातातच राहिली. आम्हांस तर दयेचा नकार अधिक कठीण वाटतो, कारण भय औषधाने गेले, दयेला कोणते औषध द्यावे? आम्ही काही बोलणार, तोच आमचा पखवाजी, सहावीतला पोर, पुढे झाला. "आजी, मला द्या," म्हणाला आणि तिथेच दोन काड्या मोडून कच्च्या चावू लागला. आजी म्हणाल्या, "धुऊन तरी खा रे मुडद्या!" आणि हसल्या. मग सगळ्यांनी जुड्या घेतल्या.

पत्र लिहिणाऱ्या गृहस्थांस आम्ही कळवले आहे की, त्या दिवशी हरिपाठ चुकला नाही. वाफ्यांच्या मधल्या वाटेवर उभ्यानेच झाला, आणि आश्रमातली चौदा माणसे टाळ्या वाजवीत होती.

ज्यांस असे काम आपापल्या गावी काढावयाचे असेल त्यांनी एक सांभाळावे. महारोगातून बऱ्या झालेल्यांच्या हातापायांस पुष्कळदा स्पर्श कळत नाही, खुरपे लागले तरी समजत नाही. त्यांच्या अवजारांच्या मुठींस जाड कापड गुंडाळावे आणि काम उरकल्यावर त्यांचे हात आपण पाहावे, जवळ बसून.

आमच्या आश्रमात पुढचे काम कार्तिक वद्य द्वादशीस आहे. हरभरा टाकावयाचा आहे व दोन मडकी फुटली ती बदलावयाची आहेत. येणाऱ्यांनी खुरपे आपापले आणावे. शिदोरी भाकरीपुरतीच आणावी. भाजी तिथली आहे.